आधी वाचू, मग सही करू

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझ्या निवृत्तीला तीन-चार वर्षे राहिली होती तेव्हाची गोष्ट. मी जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुख होतो आणि दहा-बारा प्राथमिक शाळा माझ्याकडे होत्या. एका शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचे रजिस्टर तपासत बसलो होतो. वर्षभराच्या बैठका अगदी व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. विषय, ठराव, सूचक, अनुमोदक आणि खाली सह्या. फक्त सगळ्या बैठकांची शाई एक होती, अक्षर एक होते, आणि त्या एकाच बसणीत लिहिल्या आहेत हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

एक-दोन सह्या राहिल्या होत्या. शेतावर निघालेल्या एका सदस्य बाईंना मुख्याध्यापकांनी रस्त्यावरून हाक मारली. बाई आत आल्या, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि गुरुजींनी बोट ठेवले तिथे सही केली. निघता निघता मला म्हणाल्या, "साहेब, राग नका मानू. पण ह्याच्यात लिवलंय काय?"

मुख्याध्यापक हसले. मीही हसलो. बाई गेल्यावर मी रजिस्टरात 'तपासले' असा शेरा लिहिला, खाली सही केली आणि मोटारसायकलला किक मारली.

पुढे समजले की त्या बाई त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. म्हणजे त्यांना सही करायला आमच्याच खात्याने शिकवले होते. सहीच्या वर काय लिहिले आहे ते वाचायला आणि विचारायला मात्र आम्ही शिकवले नव्हते. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे कळायला मला उशीर लागला.

सरकारी शाळा सुधारायच्या म्हटले की आपण इमारत, संगणक, गणवेश यांबद्दल बोलतो. ते सगळे हवेच. पण शाळेकडून आपल्याला मुळात दोन गोष्टी हव्या असतात. मुलाने पुढे स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि त्याने चांगला नागरिक व्हावे. पहिल्यासाठी आपण भाषा आणि गणित ठेवले आहे. दुसऱ्यासाठी नागरिकशास्त्राचे पुस्तक आणि २६ जानेवारीची प्रभातफेरी. माझा अनुभव असा, की ही दोन कामे वेगळी नाहीतच. ज्याला समजून वाचता येत नाही त्याला बरी नोकरी मिळत नाही, आणि ग्रामसभेत प्रश्नही विचारता येत नाही.

आपल्या पूर्वसुरींना हे चांगले कळत होते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी. वाचन, लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहितीही शिकवावी, असे त्यांनी सुचवले होते. शेतकऱ्याच्या मुलाला कागद वाचता यावा आणि हिशेब करता यावा, म्हणजे त्याला कोणी फसवणार नाही, ही त्यामागची तळमळ होती. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडही ठेवला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती कधीच उलटून गेली. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आज वस्तीवस्तीवर शाळा आहे आणि बहुतेक मुलांचे नाव पटावर आहे. फुल्यांच्या मागणीचा पहिला भाग पुरा व्हायला सव्वाशे वर्षे लागली. दुसरा भाग, म्हणजे शाळेत आलेल्या मुलाला खरोखर येणे, अजून बाकी आहे.

'असर' नावाची पाहणी २००५ सालापासून होते. तिची पद्धत फार सोपी आहे. स्वयंसेवक खेड्यातल्या घरी जातात आणि मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचते ते नोंदवायचे. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना ती आली नाही. आधीच्या पाहणीपेक्षा आकडा सुधारला होता, तरीही हे चित्र आहे.

असे का होते? मुले मंद असतात म्हणून नाही, आणि सगळे गुरुजी कामचुकार असतात म्हणूनही नाही. आमची गाडी पाठ्यपुस्तकाच्या वेळापत्रकावर धावते. जूनमध्ये पहिला धडा, मार्चमध्ये शेवटचा. एखादे मूल दुसरीत आजारी पडले, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, की त्याची गाडी तिथेच चुकते. तिसरीचे पुस्तक त्याच्यासाठी थांबत नाही. चौथी-पाचवीत ते मूल फळ्यावरचे हुबेहूब उतरवून काढते आणि वही सुंदर दिसते. वही तपासून आम्ही पुढे जातो. रजिस्टर तपासून मी गेलो होतो, तसेच.

उपायही फार अवघड नाही. दिवसातला एक-दीड तास इयत्ता बाजूला ठेवायची. अक्षरे ओळखणारी मुले एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, उतारा वाचणारी तिसऱ्या. मग मूल तिसरीतले असो की पाचवीतले. जिथे आहे तिथून त्याला पुढे न्यायचे आणि प्रगती झाली की गट बदलायचा. 'प्रथम' या संस्थेने मुंबईत सुरू केलेल्या कामातून ही पद्धत आकाराला आली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणींकडून शिकवण्याचा प्रयोग झाला आणि त्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केला. मुलांची प्रगती मोजून दिसली. या दोघांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते गरिबी निवारणाच्या अशाच प्रयोगांसाठी.

आता पुन्हा त्या बाईंच्या शाळेकडे येतो. त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुढच्या खेपेला मी मुख्याध्यापकांना म्हटले, "आपण एक खरी बैठक घेऊन बघू." त्यांनी प्रामाणिकपणे अडचण सांगितली. दुपारी अकराला पालक येणार कुठून? मग बैठक संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर ठेवली. दुसरा नियम असा केला, की सही करण्याआधी मागच्या बैठकीचा वृत्तान्त कोणीतरी मोठ्याने वाचायचा, आणि वाचणारा गुरुजी नसावा.

कायद्यात हे सगळे आहेच. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात. शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा, अनुदान कसे खर्च होते ते त्यांनी पाहायचे. पहिल्या बैठकीत कोणी बोलले नाही. दुसऱ्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही हे निघाले. कडी दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या बैठकीत त्याच बाईंनी विचारले, "आमच्या पोरांना वाचाया येतं का, ते आमच्यापुढं दाखवा." मुलांनी वाचून दाखवले. बरीच मुले अडखळली. गुरुजींची मान खाली गेली, माझीही. गटवार वाचनाचा तास त्यानंतर सुरू झाला. माझ्या परिपत्रकाने जे झाले नव्हते ते एका आईच्या प्रश्नाने झाले.

याच शाळेत गुरुजींनी आणखी एक साधी गोष्ट सुरू केली. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य धरलेले असते. आज ४३ मुले जेवली, तर तांदूळ किती लागला पाहिजे? ४ किलो ३०० ग्रॅम. हे गणित चौथी-पाचवीची मुले पाळीपाळीने करून फळ्यावर लिहू लागली. शेजारी प्रत्यक्ष किती शिजला तो आकडा. गुणाकार पक्का झाला, किलो-ग्रॅम पक्के झाले. आणि सार्वजनिक हिशेब उघड्यावर मांडायचा असतो, तो कोणीही विचारू शकतो, यात कोणाचा अपमान नसतो, हे मुले न सांगता शिकली. तेवढे माझ्या नागरिकशास्त्राच्या तासाला कधी जमले नव्हते.

शिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. दोन शिक्षकांची शाळा, त्यातले एक गुरुजी माहिती भरण्यात आणि टपालात अडकलेले, मग गटवार शिकवणार कोण? कायद्याने शिक्षकांना दहा वर्षांची जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामे देता येतात. पण प्रत्यक्षात ही यादी वाढत जाते. शिक्षकाने एकट्याने तक्रार केली तर ती कुरकुर ठरते. तीच गोष्ट समितीने ठराव करून कळवली, तर तिला वजन येते. जागा झालेला पालक हा गुरुजींचा वैरी नसतो, हे आमच्या मुख्याध्यापकांना वर्षभरात पटले.

सगळे छान झाले असे मी म्हणणार नाही. त्या शाळेचा पट पुढेही घटतच राहिला. लोक शहराकडे गेले, काहींनी मुलांना बसने इंग्रजी शाळेत घातले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ साली राज्यात पुढे आला, तेव्हा त्या गावातही काळजी पसरली. वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून रोज जायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. पण अशा वेळी गावाच्या हातात काय असते? मुलांना येते हे दाखवता येणे, आणि आपली बाजू कागदावर मांडता येणे. त्या गावाने ती मांडली. ठराव समितीच्या पालकांनी स्वतः लिहिला होता.

आपल्या गावात, प्रभागात सरकारी शाळा असेल. आपले मूल तिथे असो वा नसो, ती आपल्या पैशावर चालते. एकदा जाऊन यावे. तिसरी-चौथीच्या मुलाजवळ बसून त्याला एक गोष्ट वाचायला सांगावी, आणि वाचून झाल्यावर विचारावे, "यात काय सांगितलंय?" समितीची पुढची बैठक कधी आहे, हेही विचारून यावे.

मी निवृत्त झालो त्या महिन्यात त्या शाळेच्या बैठकीला मला मुद्दाम बोलावले होते. नारळ झाला, चहा झाला. रजिस्टर माझ्यापुढे आले आणि मी सवयीने खिशातले पेन काढले. समोरून त्या बाई म्हणाल्या, "साहेब, थांबा की. अजून वाचून व्हायचंय."

मी पेन खिशात ठेवले. त्यांनी रजिस्टर ओढून घेतले आणि बोट ठेवून, सावकाश वाचायला सुरुवात केली.