नाइट व्हिजन: सिनेमातलं आणि खरं

सिनेमात जवान डोळ्यांवर गॉगल चढवतो आणि मिट्ट काळोखात सगळं हिरवंगार, लख्ख दिसू लागतं. प्रत्यक्षात नाइट व्हिजनला थोडा तरी उजेड लागतोच, मग तो चांदण्यांचा का असेना. बंद तळघरात ते आंधळंच. तिथे अवरक्त दिवा लावावा लागतो. पण शत्रूकडेही तसाच गॉगल असला, तर आपला ठावठिकाणा त्याला आयताच कळतो.

करामत सारी मुठीत मावणाऱ्या निर्वात नळीची. पुढच्या पातळ थरावर प्रकाशकण आदळले की इलेक्ट्रॉन सुटतात. मागे काचेची चकती असते, तिला जेमतेम काही मायक्रॉन रुंदीची लाखो भोकं. ती मुद्दाम किंचित तिरपी ठेवतात. सरळ असती तर इलेक्ट्रॉन भिंतीला न लागता निघून गेला असता. भिंतीवर आपटत आपटत एकाचे शेकडो-हजारो होतात आणि शेवटी फॉस्फरच्या पडद्यावर चित्र उमटतं. अशा नळ्या पुण्यात, भोसरीला, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बनत आल्या आहेत, हे खुद्द पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. हिरवा रंग फक्त त्या फॉस्फरचा. नव्या नळ्यांत पांढरा फॉस्फरही असतो.

थर्मल कॅमेऱ्याचं तंत्र वेगळं. त्याला उजेड लागतच नाही. वस्तूतून निघणारी, साधारण 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता तो टिपतो. मात्र त्याला भिंतीपलीकडचं दिसतं, ही निव्वळ थाप. भिंतच काय, खिडकीची साधी काचही ही उष्णता अडवते. म्हणून त्याचं भिंग काचेचं नसतं, बहुधा जर्मेनियमचं असतं, आणि तिथेच खर्च वाढतो. पहाटे किंवा सांजवेळी दगड, माती, झुडूप सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं झालं की चित्रही सपाट होतं.

एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, म्हणून अमेरिकी सैन्याच्या ईएनव्हीजी-बी गॉगलमध्ये दोन्ही चित्रं एकावर एक दाखवतात.

तरीही गॉगल चढवला की दिवसासारखं वावरता येतं असं नाही. नेहमीच्या गॉगलमधून समोरचं 40 अंशांच्या आसपासच दिसतं, बाजूचं पाहायला मान वळवावी लागते. खोलीचा अंदाज चुकतो. छोटा खड्डाही फसवतो, त्यामुळे सराव लागतो. शिवाय कपाळापुढे लटकणाऱ्या वजनाने मान भरून येते. म्हणून काही गॉगलांची बॅटरी हेल्मेटच्या मागे बसवतात, वजनाला वजन म्हणून.