प्रश्नाचे नाव धारण करणारा ज्वर

१९३५ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहराच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या कामगारांना, परिचित रोगांच्या कोणत्याच सदरात न बसणारा ज्वर येऊ लागला, तेव्हा तपास करणाऱ्या डॉ. एडवर्ड डेरिक यांनी, कारण सापडेपर्यंतची तात्पुरती तजवीज म्हणून, ‘क्वेरी’ म्हणजे प्रश्न या शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्याला ‘क्यू फीव्हर’ म्हटले. पुढे जंतू सापडला, कॉक्स आणि बर्नेट या संशोधकांच्या नावांवरून तो ‘कॉक्सिएला बर्नेटी’ ठरला. रोगाचे नाव मात्र प्रश्नाचेच राहिले.

शेळ्यामेंढ्या व गुरे विताना पडणाऱ्या वारेत हे जंतू विपुल असू शकतात, आणि ती वाळून धुळीत मिसळली की ते श्वासावाटे माणसात शिरतात. बहुतेकांचा ज्वर ओसरतो. परंतु ज्याच्या हृदयाची झडप जन्मतः सदोष, बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेली, अथवा कृत्रिम आहे, त्याच्या झडपेवर ते कधीकधी ठाण मांडतात, आणि महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, बारीक कणकण, रात्रीचा घाम, घटते वजन व वाढती धाप एवढ्याच खुणांनी आपले अस्तित्व कळवतात.

अशा रोग्याचे रक्त पोषक द्रवात ठेवून जंतू वाढवू पाहावे, तर काहीच वाढत नाही. कारण हा जंतू जिवंत पेशींतच, आणि तेही मुख्यतः जंतूंना गिळण्यासाठी नेमलेल्या रखवालदार पेशींच्या पोटात, वाढतो. त्याचा सुगावा लागतो तो रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीने. पेशीतील ज्या आम्लयुक्त कप्प्यात तो वसतो, त्याची आम्लता हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने उतरवली म्हणजे डॉक्सिसायक्लिन प्रभावी ठरते. ही दोन औषधे किमान १८ महिने, आणि कृत्रिम झडप असल्यास २४ महिने, घ्यावी लागतात. झडप फारच झिजली असेल, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

परंतु ही विशेष तपासणी मागवण्याचे सुचण्यासाठी रोग्याची पूर्ण जबानी हवी. शेळी हीच ज्यांची मिळकत, आणि जिचे बाळंतपण घरच्याच माणसांनी करावयाचे, अशी कुटुंबे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्या घरातील झडपेच्या रोग्याचा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांनी गोठ्याची हकीकत आवर्जून विचारावी, आणि रोग्यानेही, ती दवाखान्यात सांगण्याजोगी गोष्ट नव्हे असे न समजता, मागच्या हंगामात शेळी व्याली तेव्हा वार कोणी उचलली, हे निःसंकोच सांगावे.