परसातली खोली आणि नगर परिषदेची नोटीस (लेखांक ६)

नकाशा मंजूर कसा होतो, हे मागच्या लेखात पाहिले. घर उभे राहिले की तो नकाशा कपाटात जातो आणि वर्षानुवर्षे कोणी तो उघडत नाही. खातेगावसारख्या शेतीवर चालणाऱ्या गावात घरामागचे परस ही कामाची जागा. तिथे आधी गुरांसाठी छप्पर पडते, गुरे गेली की त्याच खांबांवर पत्रे चढतात, मग विटांची भिंत येते आणि घरात लग्न ठरले की वर स्लॅब. घरच्यांच्या लेखी यात नवे काहीच नसते. होते तेच पक्के केले, असे ते सांगतात आणि मनापासून सांगतात. पण मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम, १९६१ च्या कलम १८७ नुसार नव्या बांधकामाप्रमाणेच पुनर्बांधकामालाही परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. मागची मोकळी जागा मालकाची असली, तरी तिथून येणारा वारा आणि उजेड शेजारच्या घरालाही मिळत असतो. पत्र्याची पागोळी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू लागली, की दोन पावसाळ्यांत आतला गिलावा फुगतो. नगर परिषदेकडे तक्रार जाते ती बहुतेक वेळा अशा ओलीतून.

तरीही माझे म्हणणे असे, की अशा वादात हातोड्याआधी टेप यायला हवा. मंजूर किती होते, बांधले किती आणि जादा कुठल्या बाजूला गेले, हे मोजल्याशिवाय कोणालाच न्याय मिळत नाही. कायद्यातही त्याला जागा आहे. याच अधिनियमातले कलम १८७-क ठरावीक मर्यादेतले जादा बांधकाम शुल्क घेऊन नियमित करू देते. मध्य प्रदेशात याला प्रशमन म्हणतात, बोलण्यात कंपाउंडिंग. २०२१ मध्ये राज्याने ही मर्यादा १० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेली. ही टक्केवारी चटई क्षेत्राची आहे, रिकाम्या परसाची नव्हे. इथे अनेकांची गफलत होते. इमारत रेषा ओलांडणाऱ्या किंवा पार्किंगच्या जागेत घुसलेल्या बांधकामाला ही सवलत नाही.

यावर प्रामाणिक माणसाचा आक्षेप रास्त आहे: ज्याने नियमाप्रमाणे जागा सोडली तो मूर्ख ठरला का? प्रशमन सरसकट दिले तर नक्कीच ठरेल. म्हणून मर्यादेबाहेरचा भाग पाडलाच पाहिजे, मालक कोणीही असो. दुसरीकडून मालक म्हणतो, इतकी वर्षे संपत्ती कर भरतोय, तेव्हा का नाही अडवले? पण कराची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. अधिकाऱ्यांच्या दिरंगाईने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बजावले आहे.

त्याच न्यायालयाने महिनाभर आधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, पाडणाऱ्यांनाही बांधून घातले. किमान १५ दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने. मागची तारीख टाकल्याचा संशय नको म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल. मग प्रत्यक्ष सुनावणी. बांधकाम प्रशमनात बसते का, बसत नसेल तर का नाही आणि पाडण्यावाचून दुसरा मार्ग का उरला नाही, हे अंतिम आदेशात लिहावे लागते. त्यानंतरही १५ दिवस थांबावे लागते. रस्ता, पदपथ किंवा नदीपात्रातल्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. परसातल्या खोलीला ते आहे.

तेव्हा नोटीस आली तर ती परत पाठवू नका. पाकीट जपा, त्यावरचा टपालाचा शिक्का जपा, जुना नकाशा काढा आणि सुनावणीला जाण्याआधी आपले परस स्वतः मोजा. शक्य असेल तर शेजाऱ्याला सोबत घेऊन.