उणे 70

अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीतील एका दगडी वाड्यात, ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून परसात, तळहातावरच्या इवल्याशा यंत्राकडे पाहत एक तरुण पावलोपावली थबकत होता आणि त्या त्या ठिकाणचा आकडा वहीत टिपत होता. चाल मोजणीदाराची, पण हाती साखळी नाही की फीत नाही, हे पाहून माझे कुतूहल चाळवले. आणि हे यंत्र तो स्वहस्ते घडवतो असे कळल्यावर मी त्याचे दुकान गाठले.

दुकानात शिरताच सोल्डरबरोबर जळणाऱ्या राळेचा उग्र दर्प आला, आणि तो संध्याकाळपर्यंत माझ्या सदऱ्याला चिकटून राहिला. यंत्राचा जीव म्हणजे ईएसपी-32 ही चीप, जी शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने 2016 मध्ये बाजारात आणली. तिला 128 गुणिले 64 ठिपक्यांचा, इंचभरही नसलेला पडदा चार तारांनी जोडायचा. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. मग संगणकावरून आज्ञावली चढवायची.

एवढे झाले की पडद्यावर आसपासच्या वाय-फायची नावे उमटू लागतात. प्रत्येक राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या नावाची द्वाही फिरवीत असतो. हे यंत्र एकेका वाहिनीवर थांबून ती ऐकते, मधूनच स्वतः ‘कोण आहे?’ असा पुकारा करते, आणि नावापुढे लहरींचा जोर लिहिते. हा जोर नेहमी उणे. ‘उणे 70 च्या खाली गेलं की काही खरं नाही, सर,’ तो म्हणाला. शून्य म्हणजे एक मिलीवॉट, आणि दर दहा उण्यांना दशांश, असा हिशेब मांडला तर उणे 70 म्हणजे मिलीवॉटचा एक कोटीवा अंश. एवढ्या अत्यल्प शक्तीवर माणसे चित्रपट पाहतात, आणि चित्र क्षणभर अडखळले की राऊटर बसवणाऱ्याचा उद्धार करतात! वाड्याच्या त्या दगडी भिंतीपलीकडे मात्र आकडा उणे 81 होता.

फोनमध्ये हे सारे फुकट मिळत असता हा उपद्व्याप कशासाठी, असे मी विचारले. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून समोर उघड्या असलेल्या अॅपलाही दोन मिनिटांत चारच वेळा अशी चाचपणी करता येते, हे त्याचे उत्तर. त्याचे यंत्र चारेक सेकंदांत नवी फेरी पुरी करते.

परक्या घरात डोकावण्याचे हे साधन तर नव्हे, ही शंका माझ्या मनात होतीच. ‘कुलूप आहे की नाही तेवढं दिसतं. आतलं काही नाही.’ त्याचे म्हणणे मला पटले. केंद्र सरकारने 2005 च्या अधिसूचनेने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना खुला केला. त्या सार्वजनिक चव्हाट्यावर जो आपले नाव स्वतःच पुकारतो, त्याने ते कोणी ऐकल्याची तक्रार कशी करावी? यादीत आडनावे होती, दैवते होती, आणि शेजाऱ्यांनी पासवर्ड मागू नये अशी ताकीदही कोणी नावातच देऊन ठेवली होती.

बाजारपेठेतले बहुतेक राऊटर 6 क्रमांकाच्या वाहिनीवर दाटी करून होते. 1 आणि 11 या वाहिन्या 6 च्या वाटेत येत नाहीत, तरी त्या जवळजवळ मोकळ्या. यंत्राची खरी कमाई ही.

5 गिगाहर्ट्झचे राऊटर मात्र या चीपला मुळीच ऐकू येत नाहीत. त्यासाठी सी-5 ही नवी चीप मागवावी लागेल, असे तो म्हणाला. पण भिंतींपुढे त्या लहरी आणखीच हतबल, तेव्हा वाड्यांच्या गावात घाई कसली, असेही वर म्हणाला.