आजी दार विसरल्या

'साठी बुद्धी नाठी' असं आपण सहज म्हणून जातो. आजोबांना चष्मा सापडला नाही, की घरात हशा पिकतो. एवढ्यानं घाबरू नये. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं निराळं; चष्मा कशासाठी असतो हेच न उमजणं निराळं.

आमच्या ओळखीच्या एका आजी चाळीस वर्षं एकाच चाळीत राहिल्या. पुढं चाळ पाडली आणि तिथंच उंच इमारत उभी राहिली. एके दिवशी आजी भाजीला म्हणून खाली उतरल्या. परत येताना कुठला मजला, कुठलं दार, काही सुधरेना. सगळी दारं सारखी! शेवटी रखवालदारानं त्यांना घरी पोचवलं. मुलगा म्हणाला, "नवी जागा आहे, होतं असं." पण त्याआधी वर्षभर आजी आमटीत दोनदा मीठ घालत होत्या. सुट्या पैशांचा हिशेब चुकत होता. आजार चाळीतच सुरू झाला होता. तिथं शेजारीपाजारी सांभाळून घेत, म्हणून तो दिसला नाही.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. यात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. त्याचे प्रकार अनेक. सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमरचा. जर्मनीतल्या अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी १९०६ साली तो प्रथम जगापुढं मांडला.

शहरात असे किती जण असतील? मुंबईत चाळिशीपुढच्या २४,४८८ माणसांची पाहणी झाली. तिचा अहवाल २००१ साली छापला गेला. पासष्टीपुढच्या शंभर माणसांत सुमारे अडीच जणांना हा आजार होता. अडीच म्हणजे थोडे वाटतात. पण म्हातारी माणसं लाखभर असली, तर तेच अडीच हजार होतात! पुण्यात पाहणी झाली, तिचा आकडा २०१० साली आला : शंभरात चार. मग २०२३ साली साऱ्या देशाचा अंदाज आला. साठीपुढच्या शंभरात सातांहून थोडे जास्त, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्तच निघालं.

आकडे असे वेगवेगळे का? पुण्याचं पाणी वाईट म्हणून नव्हे. कोणत्या वयाची माणसं घेतली, त्यांना काय विचारलं, यावर आकडा ठरतो. शिवाय घरचे लोक सांगत नाहीत. लाज वाटते. "वय झालंय" म्हणून विषय संपवतात.

विचारण्याची गोष्ट तर आपल्या जिव्हाळ्याची आहे. जुन्या परीक्षेत 'एक वाक्य लिहा' असं सांगत. ज्यानं कधी पाटी धरली नाही, तो काय लिहिणार? शहाणासुरता माणूस नापास व्हायचा! म्हणून १९९० नंतरच्या काळात हरियाणातल्या बल्लभगड भागात हिंदीतून निराळे प्रश्न तयार केले. वाक्य लिहू नका, आपल्या घराविषयी काहीतरी सांगा. आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? अक्षर न येणं म्हणजे आजार नव्हे, हे त्या लोकांनी ओळखलं.

म्हणून संशय आला, तर डॉक्टरकडे न्यावं. थायरॉइड बिघडलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, मन फार खचलं, किंवा एखादं औषध बाधलं, तरी विसर पडतो. तो उपचारानं बरा होऊ शकतो. अल्झायमर मात्र औषधानं पुरता बरा होत नाही. तिथं सांभाळ हाच मोठा भाग. आणि तो बहुधा घरातल्या एकाच बाईच्या गळ्यात पडतो, हे आम्हांला बरोबर वाटत नाही.

त्या आजींच्या सुनेनं दाराला लाल तोरण बांधलं. आजींच्या कमरेच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवली : नाव, पत्ता, मुलाचा फोन. ती चिठ्ठी सुनेनं स्वतः लिहिली. मागच्याच वर्षी ती लिहायला शिकली. भाजीवालीला आणि रखवालदारालाही सांगून ठेवलं आहे. आजी अजून मधूनच दार चुकतात. पण आता कुणी ना कुणी हात धरून वर आणून सोडतं.