चांदी सापडली; माणसांचे काय?

हैदराबादचे आबिद हसन सफरानी हे नेताजींचे सहप्रवासी म्हणून इतिहासाला ज्ञात आहेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीच्या कील बंदरातून ते नेताजींसह पाणबुडीत बसले आणि एप्रिलमध्ये, मादागास्करनजीकच्या खवळलेल्या समुद्रात, 'आय-२९' या जपानी पाणबुडीवर चढले. 'जयहिंद' ही घोषणा ज्यांच्या नावाशी जोडली जाते, ते हेच आबिद हसन. त्या साहसाचे स्मरण झाले की आमचा ऊर आजही भरून येतो. परंतु त्याच पाणबुडीने अवघ्या पाच महिन्यांपूर्वी काय केले होते, हे किती जणांस ठाऊक आहे?

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रिटिश इंडिया कंपनीची 'तिलावा' ही आगबोट मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. बोटीवर ७३२ उतारू होते. त्यांत पोटापाण्यासाठी निघालेली आणि आपल्या माणसांकडे परतणारी कुटुंबे होती. खलाशी व कर्मचारी २२२ होते. २३ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी 'आय-२९'चा पाणतीर तिच्यावर आदळला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण परत चढण्याच्या प्रयत्नात असतानाच दुसरा पाणतीर आला. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने शेकडो जिवांना वाचवून मुंबईस आणले; २८० जण परतले नाहीत. पारतंत्र्याशी झुंजणाऱ्या नेत्याला ज्या पाणबुडीने वाट दिली, तिनेच निःशस्त्र भारतीयांना जलसमाधी दिली. युद्धाची गणिते अशीच निष्ठुर असतात. नेताजींविषयीचा आदर तसूभरही उणा न करता हे सत्य स्वीकारता येते, आणि ते स्वीकारावयास हवे.

आपल्या किनाऱ्याला हे दुःख परके नाही. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींना खलाशी पुरविले. मुंबईत मशीद बंदरानजीक इंडियन सेलर्स होममधील स्मारकग्रंथात दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे आहेत. त्यांना निदान कागदावर जागा मिळाली. उतारू मात्र ना सैनिक, ना नाविक. त्यांची आठवण घरच्यांनीच जपावयाची. देह मिळाला नाही की घरातील बाईने कुंकू ठेवावे की पुसावे, येथपासून प्रश्न सुरू होतात. बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा देह करावा आणि त्यास अग्नी द्यावा, असा पालाशविधी धर्मशास्त्राने सांगितला. सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्यास कायदा मृत मानतो. पण कायद्याने आणि विधीने व्यवहार मिटतो. मनातील दार उघडेच राहते.

आणि आता विसंगती पाहा. तिलावावर चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. समुद्रतळाशी शोध घेऊन त्या २०१७ मध्ये वर काढण्यात आल्या. त्यांच्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे सरकार आणि शोध घेणारी कंपनी यांचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. एकेका लगडीचा हिशेब लागला. माणसांचा हिशेब मात्र त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी चिकाटीने मांडला, तेव्हा कोठे २०२२ मध्ये, ऐंशी वर्षांनी, मुंबईत स्मरणसभा झाली.

हे कार्य केवळ वारसांवर सोडणे आम्हांस उचित वाटत नाही. युद्धकाळात समुद्रात गमावलेल्या प्रवाशांच्या व खलाशांच्या नोंदी जेथे जेथे असतील तेथून एकत्र करून त्या सामान्य माणसास पाहता येतील अशा करणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. वाचकांनीही आपल्या घरातील जुनी ट्रंक एकदा उघडावी. पोस्टाचा शिक्का असलेले पाकीट, खलाशाचे नोंदपुस्तक, मनिऑर्डरची पावती यांवरील बोटीचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. आजीला विचारून घ्यावे. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. ती गेली, की बेपत्ता झालेला माणूस दुसऱ्यांदा बुडेल.