सुकाणू नसलेली शर्यत

‘ज्या वाहनाला ना सुकाणू ना ब्रेक, त्याची जागतिक स्पर्धा म्हणजे लॉटरीच की!’ हॉट एअर बलूनच्या स्पर्धांवर एका वाचकाने हा शेरा पाठवला आहे. शेरा खोचक आहे, पण शंका रास्त आहे. बलून वाऱ्याबरोबर जातो, वैमानिकाला फक्त वर जाता येतं आणि खाली येता येतं. मग तिथे जिंकायचं ते काय?

पहिला गैरसमज वेगाचा. 1973 मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून हा खेळ मुख्यतः नेमबाजीचाच आहे. जमिनीवर कापडाची मोठी फुली अंथरलेली असते. वैमानिकाने वरून तिच्यावर एक मार्कर टाकायचा. मार्कर म्हणजे लांब फीत शिवलेली, वाळू भरलेली छोटी पुरचुंडी. ज्याची पुरचुंडी फुलीच्या सर्वांत जवळ, त्याला 1000 गुण. एका प्रकारात तर गंमत अशी की फुली कुठे आहे ते आयोजक सांगतात, पण उडायचं कुठून ते वैमानिकाने ठरवायचं. म्हणजे गणित उलटं. आधी उत्तर, मग प्रश्न शोधायचा. फुलीपासून वाऱ्याच्या उलट दिशेने काही किलोमीटर मागे जायचं, एखादं मोकळं शेत गाठायचं आणि तिथे बलून फुगवायचा. अंदाज 10 अंशांनी चुकला, तर 5 किलोमीटरनंतर बलून फुलीपासून जवळपास 900 मीटर लांब. सारसबागेत जायला निघून स्वारगेटला उतरण्याचाच प्रकार. इथे तर अव्वल स्पर्धकांची लढत काही मीटरांवर चालते.

स्वारगेटचं नाव आलंच आहे, तर बसचीच उपमा घेऊ. बसमधल्या प्रवाशाच्या हातातही सुकाणू नसतं. तरीही तो हव्या त्या जागी पोहोचतो, कारण कोणती बस कुठे जाते, कुठे उतरायचं, कुठे बदलायची हे त्याला ठाऊक असतं. हवेतही असेच मार्ग असतात, फक्त ते एकमेकांच्या डोक्यावर रचलेले. शंभर मीटरवरचा वारा एकीकडे जात असेल, तर तीनशे मीटरवरचा दुसरीकडे. जमिनीलगतची हवा झाडाझुडपांना, इमारतींना घासत मंदावते. वर हा अडथळा उरत नाही, वेग वाढतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा दिशाही बदलतो. उत्तर गोलार्धात सहसा जसजसं वर जावं तसतसा तो उजवीकडे वळतो. युरोपातल्या वैमानिकाच्या हाती हा हुकमी पत्ता. आपल्या पुण्याच्या अक्षांशावर मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम पॅरिसच्या निम्म्याहून कमी, म्हणून पत्ताही तेवढा हुकमी नाही. बलूनचा वैमानिक म्हणजे तरबेज प्रवासी. फरक इतकाच की त्याच्या बसवर पाटी नसते आणि वेळापत्रक दर तासाला बदलतं.

शिवाय ही बस चटकन सोडताही येत नाही. आतली हवा 100 अंशांपर्यंत तापवली, तरी एक घनमीटर हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. बलून, टोपली, सिलिंडर आणि माणसं धरून 500 किलो उचलायचे, तर 2000 घनमीटरचा बलून हवा. आता त्यात कोंडलेल्या हवेचं वजन करून पाहा. ती पावणेदोन टनांहून अधिक भरते! हवेला वजन असतं हे आपण शाळेत घोकतो. बलूनवाला ते दंडात अनुभवतो. बर्नरचा खटका ओढला, तरी हे दोन टनांवरचं धूड काही सेकंद ढिम्म असतं. म्हणून थर येण्याआधीच ज्योत लावायची आणि हवा असलेला थर निसटण्याआधीच थांबायचं. टोपलीत वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. चेहऱ्यावर झुळूक लागली की समजायचं, थर बदलला.

पण खालच्या थरात काय चाललंय ते वरून कळणार कसं? काही वैमानिक दाढीचा फेस खाली सोडतात. पांढरा गोळा कुठे वळतो, ते पाहत राहायचं. आणि उड्डाणाआधी सगळेच एक छोटा फुगा वर सोडून त्याचा माग काढतात. त्याला ते ‘पायबॉल’ म्हणतात, म्हणजे पायलट बलून. इथे मात्र पुणेकराने कान टवकारावेत.

भारतीय हवामानखात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आपण आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतो. या खात्याचं रोजचं एक काम हेच होतं. हायड्रोजनचा रबरी फुगा सोडायचा, थिओडोलाइटला डोळा लावायचा आणि मिनिटामिनिटाला कोन टिपायचे. रात्री फुगा दिसावा म्हणून त्याला मेणबत्तीचा कागदी कंदील टांगत. त्या कोनांवरून कुठल्या थराचा वारा कुठे जातो ते निघे. फुग्यात माणूस नाही, खाली टाळ्या नाहीत, पदकही नाही.

या मंडळींपैकी अण्णा मणी यांच्यावर आता थोडंफार लिहिलं जातं. एल. ए. रामदास मात्र शहराच्या आठवणीतून पुसले गेले आहेत. सी. व्ही. रामन यांचे हे विद्यार्थी पुण्यात शेती-हवामानाचा विभाग सांभाळत. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत गार काय? पुस्तक म्हणे, जमीन. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी 1932 मध्ये दाखवलं की उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा वीत-दोन वीत उंचीवर असते. गार हवा वर, तिच्याखाली ऊबदार जमीन, तरी ही उतरंड कोसळत नाही! परदेशातल्या अनेकांनी हे मोजमापाची चूक म्हणून बाजूला सारलं. पुढे राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच काळजीपूर्वक मोजमाप केलं आणि 1957 मध्ये रामदासांचं खरं असल्याची ग्वाही दिली. जगभर त्याला आज ‘रामदास थर’ म्हणतात. तो का बनतो यावर बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकापासून पुन्हा मांडण्या केल्या आणि एकमेकांच्या खोडूनही काढल्या. बलूनला या वीतभर थराचा उपयोग शून्य, हे कबूल. पण ‘हवा’ असा एकवचनी शब्द वापरणं किती भाबडं आहे, हे त्यातून कळतं.

आपल्याकडे बलून म्हटलं की आठवतो तो विजयपत सिंघानियांचा विक्रम. 26 नोव्हेंबर 2005 रोजी, वयाच्या 67व्या वर्षी मुंबईहून निघून ते 21,027 मीटर उंचीवर गेले आणि सिन्नर तालुक्यात उतरले. धाडस मोठंच. पण बातम्यांत आकडा गाजला आणि वाट हरवली. वाटेत सुमारे 17 किलोमीटरवर त्यांनी उष्ण कटिबंधावरचा अतिथंड पट्टा ओलांडला. विषुववृत्तावर पसरलेल्या त्या पट्ट्याचं चित्र याच हवामानखात्याच्या के. आर. रामनाथन यांनी 1929 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. तेही फुग्यांनी वर नेलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून.

तेव्हा वाचकमहाशय, लॉटरी नाही. तिकीट मात्र काढावं लागतं आणि ते वाऱ्याच्या अभ्यासाचं असतं. पटत नसेल तर जानेवारीत पहाटे हनुमान टेकडी चढा. खाली कुणीतरी शेकोटी पेटवलेली असेल. धूर सरळ वर येतो, एका उंचीवर अडतो आणि चादरीसारखा आडवा पसरतो. तो कुठे सरकतोय ते पाहा, मग हातातली उदबत्ती पेटवा. तिचा धूर वेगळ्या दिशेला गेला, तर तुम्हाला दोन बस सापडल्या. परतताना सिमला ऑफिसच्या थांब्यावर उतरलात तर उत्तमच.